किल्ली कोणाकडे? आजारी घरातल्या एका सेवेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, आहे. त्या वेळी मी सेवक समितीवर होतो, त्यामुळे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, चुकांत तर नक्कीच. दोन्ही घरांनी हे लेखन वाचून होकार दिला आहे. नावं घातलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मंडळीत ज्या नात्याने हाका मारल्या जायच्या तीच नाती इथे ठेवली आहेत: काका, काकू आणि ताई.

काका 71 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय गेला, सोबत वाचाही गेली. लोकांना वाटतं बोलता येत नाही म्हणजे समजतही नसेल. काकांना सगळं समजत होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. ‘हो’ म्हणायचं असताना तोंडातून ‘नाही’ निघायचं आणि मग ते स्वतःवरच चिडून मान फिरवून घ्यायचे. काकूंचे गुडघे आधीच गेलेले. मुलगा नोकरीसाठी दुसरीकडे राहणारा. तो पैसे वेळेवर पाठवायचा, फोनही करायचा, पण येणं क्वचित.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात त्या घरात बसायला जागा नव्हती. रोज प्रार्थना, रोज भेटी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत येणारं माणूस एकच उरलं: ताई. वय 46, नवरा आणि दोन मुली, महिला मंडळाच्या कामात वर्षानुवर्षं पुढे. रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. आंघोळ, कपडे, गोळ्या, कूस बदलणं, तोंड धुणं, अंथरूण. दुसऱ्या महिन्यात काकूंनी घराची किल्ली त्यांच्या हातात दिली, कारण दार उघडायला उठणं त्यांना जड जायचं.

ताईंचं काम उत्तम होतं, हे आधीच सांगतो. सात महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर एकही जखम नाही, ही साधी गोष्ट नव्हे. त्यांनी एक वही ठेवली होती: कोणती गोळी किती वाजता, कूस कधी बदलली, पोट साफ झालं का. डॉक्टरांनीही त्या वहीचं कौतुक केलं होतं. पुढे जे लिहिलंय ते वाचताना ही वही डोळ्यांपुढे असू द्या.

समस्या

काहीतरी बिघडतंय याच्या खुणा निरनिराळ्या लोकांना दिसल्या आणि प्रत्येकाने त्या आपल्याजवळच ठेवल्या. महिला मंडळातल्या दोघी मदतीला गेल्या तर ताईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं: “तुम्हाला नाही जमणार, त्यांना माझ्या हाताची सवय आहे.” ताईंची धाकटी मुलगी शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, येईनाशी झाली. काकू नवऱ्याचे केससुद्धा विंचरत नव्हत्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, “ताई करतील ना.” ताईंच्या नवऱ्याने मंडळीच्या पाळकांना (धर्मगुरूंना) एकदाच, जाता जाता म्हटलं होतं, “घरी आल्यावर ती आमच्याशी बोलत नाही.” पाळकांनी त्यावर प्रार्थना केली आणि विषय तिथेच राहिला.

मी काय केलं? मी व्यासपीठावरून त्यांची स्तुती केली. सेवेच्या रविवारी नाव घेऊन म्हणालो, ‘अशी निःस्वार्थ सेवा आपण सर्वांनी शिकावी.’ टाळ्या झाल्या. त्यानंतर ताईंना ‘मी थकले’ म्हणण्याची वाट मी स्वतःच बुजवून टाकली होती. हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ गेला.

सातव्या महिन्यात एका सकाळी ताई काकांना एकट्याने पलंगावरून खुर्चीत बसवत होत्या. काकांनी अंग मागे खेचलं, ताईंच्या पाठीत कळ आली आणि दोघेही जमिनीवर आले. काकू पलीकडच्या खोलीतून भिंतीचा आधार घेत येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली असावीत. हाड मोडलं नाही, पण पडताना उजवा दंड ओढला गेल्याने काकांचा खांदा सुजला. पक्षाघातात लुळ्या पडलेल्या बाजूच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरत नाही, त्यामुळे त्या हाताला धरून माणसाला उचलायचं नसतं. ताईंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. सात महिने एवढं अवघड काम त्या एकट्या करत होत्या आणि आमच्यापैकी एकालाही ते त्यांना शिकवण्याची व्यवस्था करावीशी वाटली नव्हती.

संध्याकाळी, पाठीला पट्टा बांधून, ताई पुन्हा तिथे हजर होत्या.

विचारात घेतलेले पर्याय

समितीची बैठक दुसऱ्या दिवशी बसली. पहिला सूर होता, आहे तसंच चालू द्यावं, फक्त जोडीला एक माणूस द्यावा. माणूस चांगला आहे, काम चांगलं आहे, मग दुखवायचं कशाला? वरवर ही दया वाटत होती. खरं तर आम्हाला अवघड बोलणं टाळायचं होतं.

दुसरी सूचना पगारी मदतनीस ठेवण्याची. यावर एक ज्येष्ठ सभासद कळवळून म्हणाले, “पैसे देऊन करून घेतलं तर ती सेवा कसली? जगात आणि मंडळीत फरक काय राहिला?” त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून त्यावर बराच वेळ गेला. तेव्हा पाळकांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला काढला. तो वाटेत जखमी पडलेल्या माणसाच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, उताराशाळेत नेऊन रात्रभर काळजी घेतो. इथवर आपण सगळेच सांगतो. पण दुसऱ्या दिवशी तो उताराशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, याची काळजी घे म्हणतो, जास्त लागलं तर परत येताना भरेन म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. म्हणजे त्याने दोन दिवसांची मजुरी मोजली, काम दुसऱ्याच्या हाती दिलं आणि परत येण्याचं वचन दिलं. त्याचं शेजारधर्माचं माप त्यामुळे कमी झालं नाही. मी इतकी वर्षं हा दाखला सांगत आलो, पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर कधी थांबलोच नव्हतो.

तिसरा पर्याय होता पाळीपाळीने करण्याचा. प्रेषितांची कृत्ये, 6वा अध्याय: रोजच्या वाटपात विधवांची आबाळ होते अशी कुरकुर आली तेव्हा बारा प्रेषितांनी ते काम स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं नाही. मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली. निर्गमाच्या 18व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, हेच सांगतो: तू एकटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतोस, हे बरं नाही. तू झिजशील आणि लोकही झिजतील. ‘लोकही’ हा शब्द मला बैठकीत टोचला. एकटा सेवक थकतो तेव्हा ज्यांची सेवा चाललीय तेही थकतात. काकू थकल्या होत्या. काही न करण्याने थकल्या होत्या.

चौथी गोष्ट पर्याय नव्हती, ती सुरुवातच असायला हवी होती: कुटुंब. 1 तीमथ्य 5 मध्ये, म्हणजे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रेषित पौल स्पष्ट लिहितो की मुलंनातवंडं असतील तर त्यांनी आधी आपल्या घरच्यांचं बघावं. मंडळीवर तो भार येऊ नये, म्हणजे ज्यांना खरोखर कोणी नाही त्यांच्यासाठी ती मोकळी राहील. सात महिन्यांत मुलाशी कोणी नीट बोललंच नव्हतं. ‘ताई आहेत’ हे त्याच्यासाठी उत्तर झालं होतं आणि आमच्यासाठीही.

या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणाच्याच तोंडून आला नाही. काकांना काय हवंय?

केलेली कृती

ताईंशी बोलायची जबाबदारी चिटणीसांवर आणि माझ्यावर आली. आम्ही उपासनेनंतर त्यांना बाजूला घेतलं. दहा मिनिटांत सांगून मोकळे झालो: तुम्ही खूप केलंत, आता विश्रांती घ्या, उद्यापासून यादी लागेल, किल्ली काकूंकडे द्या. मनात हेतू चांगला होता. ताईंनी पर्समधून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि एकही शब्द न बोलता निघून गेल्या. पुढचे दोन रविवार त्या उपासनेला आल्या नाहीत.

हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा चुकीचा निर्णय. निर्णय बरोबर होता, सांगण्याची रीत चुकली, असं म्हणून सुटता येईल. पण मला तसं वाटत नाही. ज्या बाईने सात महिने शरीराने काम ओढलं तिला आम्ही सल्ल्यालाही बोलावलं नव्हतं. सभागृहात टाळ्या मिळवून दिल्या आणि काम काढून घेताना कोपऱ्यात गाठलं.

पाळकांच्या पत्नी तिसऱ्या आठवड्यात ताईंच्या घरी गेल्या. काही सांगायला नव्हे, नुसत्या बसायला. पहिल्या भेटीत काहीच झालं नाही. दुसऱ्या भेटीत ताई बोलल्या. त्यांच्या परवानगीने त्यातलं एकच वाक्य इथे देतो: “तिथे गेलं की माझी वाट बघणारं कोणीतरी असायचं. घरी मी आले काय, गेले काय.”

निःस्वार्थ म्हणजे पैसे न घेणं, नाव न मागणं, असं आपण समजतो. ताईंनी दोन्ही केलं होतं. पण आपण लागतो, आपल्यावाचून अडतं, ही भूक फार गोड असते आणि ती प्रार्थनेच्या आड सहज लपते. ताईंना दोष द्यायला हे लिहीत नाही. ही भूक मला स्वतःत दिसते, म्हणून लिहितोय. आणि ज्या घरात त्यांची वाट कोणी बघत नव्हतं, त्या घराकडे मंडळी म्हणून आमचंही लक्ष नव्हतंच.

त्या भेटीत फिलिप्पैकरांस पत्रातला एपफ्रदीत निघाला. फिलिप्पीच्या मंडळीने त्याला पौलाच्या सेवेसाठी पाठवलं होतं. तो आजारी पडून मरणाच्या दारात पोहोचला. पौलाने त्याला परत पाठवलं, आणि लिहून दिलं की याचं आनंदाने स्वागत करा, अशा माणसांचा मान राखा. परत पाठवणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. ताई म्हणाल्या, “तुम्ही मला पत्र न देता पाठवलंत.” ते खरंच होतं. मी आणि चिटणीस दोघे त्यांच्या घरी जाऊन नवऱ्यासमोर, मुलींसमोर माफी मागून आलो.

पुढचं सगळं ताईंना धरूनच ठरलं. मुलाला बोलावलं. व्यायामोपचार करणाऱ्या एका बाईंना विनंती केली, त्या एक दुपार काकांच्या घरी आल्या. आम्ही सहा जण भिंतीला टेकून उभे. बाईंनी आमच्याकडे न बघता पलंगाशी खुर्ची ओढली, काकांच्या नजरेच्या पातळीवर बसल्या आणि त्यांच्या डाव्या हातात पाटी-पेन्सिल दिली.

“आंघोळीला कोण हवं?”

काकांनी पाटीकडे बराच वेळ पाहिलं. शिक्षक माणूस, आयुष्यभर फळ्यावर वळणदार अक्षर काढलेलं. डाव्या हाताने पेन्सिल घसरत होती. ‘पु’ निघाला, तो उलटा वाटला म्हणून त्यांनी तळव्याने पुसला. पुन्हा काढला. चार-पाच मिनिटांनी पाटीवर एकच शब्द होता: पुरुष.

खोलीत कोणी बोललं नाही. ताई खाली बसल्या. त्या सकाळी काकांनी अंग का खेचलं होतं ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं. सात महिने त्यांना रोज लाज वाटत होती आणि ती सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, म्हणतो की म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुझी कंबर बांधील आणि नको तिथे तुला नेईल. त्या वचनाचा रोख पेत्राच्या मरणाकडे आहे हे मला माहीत आहे, तरी त्या दुपारपासून ते वाचताना मला काका दिसतात. आणि बार्तीमय दिसतो. तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं, तरी येशूने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? उघड दिसणारी गरजसुद्धा त्याने विचारून घेतली.

मग व्यवस्था अशी लागली. एक पुरुष मदतनीस सकाळसाठी. त्याच्या पगाराचा मोठा वाटा मुलाने उचलला, उरलेला मंडळीच्या मदत निधीतून. संध्याकाळी सहा जणांची पाळी, जोडीजोडीने, म्हणजे उचलताना कोणी एकटं नको. काकांना बळकट बाजूकडे वळवून खुर्चीत कसं घ्यायचं, लुळा हात उशीवर कसा ठेवायचा, हे सगळ्यांनी त्या दुपारी करून पाहिलं. गोळ्या आणि केस विंचरणं काकूंकडे परत गेलं. ताईंची वही सगळ्यांची झाली. ताईंनी स्वतः मागून घेतलेलं काम म्हणजे आठवड्यातून दोन दुपारी काकांना वाचून दाखवणं. व्यासपीठावरून कोणाचं नाव घ्यायचं नाही, हेही ठरलं.

परिणाम

पाळीच्या दुसऱ्याच आठवड्यात काकांच्या माकडहाडाशी जखम सुरू झाली. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची हे सगळ्यांना पाठ होतं, पण प्रत्येक जोडीला वाटलं आधीच्यांनी बदललीच असेल. वहीत रकाने रिकामे. वाचायला आलेल्या ताईंनी चादर सरकवली, लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचललं आणि लाली तशीच राहिलेली पाहिली. त्वचेखाली इजा सुरू झाल्याची ती खूण असते. वेळेवर कळलं, काही आठवड्यांत जागा बरी झाली. पण एका माणसाच्या हातून सात महिन्यांत जे झालं नाही ते सहा जणांच्या हातून चौदा दिवसांत झालं. वाटून घेतलेल्या कामाला एक मालक लागतोच, हे आम्ही काकांच्या अंगावर शिकलो. त्यानंतर प्रत्येक जोडीने निघताना पुढच्या जोडीला फोन करायचा आणि आठवड्याची वही एका ठरलेल्या माणसाने तपासायची, असा नियम झाला.

सहाचे दोन महिन्यांत चार झाले. एकाची नोकरी बदलली, एक नुसताच यायचा थांबला. मुलगा आता महिन्यातून एकदा येतो आणि आंघोळ तो स्वतः घालतो. पहिल्या वेळी बापलेक दोघेही रडले, असं काकूंनी सांगितलं. काकूंचे गुडघे तसेच आहेत, पण घरात कोणती वस्तू कुठे ठेवायची हे आता त्या सांगतात. काकांना आठ-दहा शब्द नीट येतात.

ताईंची पाठ सुधारली. घरचं इतक्या लवकर सुधारलेलं नाही. धाकटी मुलगी अजून मोजकंच बोलते. ताई म्हणतात की तिच्या शेजारी नुसतं बसणं त्यांना काकांना उचलण्यापेक्षा जड जातं, पण रोज बसतात. कोणाला दिसत नाही अशी ही सेवा, आणि माझ्या मते त्यांची आतापर्यंतची सगळ्यात निःस्वार्थ सेवा हीच असावी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात, माणसं भरपूर होती तेव्हा, यादी करायला हवी होती. उत्साह असतो तेव्हा यादी करणं कोरडं वाटतं, आणि तो ओसरल्यावर यादीत घालायला माणसं उरत नाहीत. सेवेला मुदतही हवी होती: तीन महिन्यांनी बसून बघू, चालू ठेवायचं की बदलायचं, असं ताईंना पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर किल्ली मागणं अपमान ठरला नसता.

ताईंच्या नवऱ्याचं ते एक वाक्य पाळकांनी आणि समितीने गंभीरपणे घ्यायला हवं होतं. गलतीकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि तीनच ओळींनी म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत: ‘बारोस’, चिरडून टाकणारं ओझं, आणि ‘फोर्तिऑन’, ज्याचं त्याने न्यायचं गाठोडं. काकांना उचलणं पहिल्यात मोडत होतं. केस विंचरणं काकूंचं गाठोडं होतं, आणि ते आम्ही प्रेमाने त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं.

पाटी पहिल्या महिन्यात आणता आली असती. घरात ती होतीच, काकांच्या कपाटात.

एक मुद्दा समितीत अजून सुटलेला नाही. पाळकांचं म्हणणं, तिसऱ्या महिन्यातच ताईंना थांबवायला हवं होतं. मला शंका आहे. त्या वेळी त्यांच्या जागी उभं राहायला कोणी तयार नव्हतं, आणि थांबवलं असतं तर काका उघड्यावर पडले असते. ताईंना विचारलं तर त्या म्हणतात, “थांबवायचं नव्हतं. माझ्याबरोबर यायचं होतं.” गेल्या महिन्यात दुसऱ्या एका घरी असाच प्रसंग आला. तिथे पहिल्या भेटीला ताई आणि मी बरोबर गेलो. किल्ली देऊ केली गेली. ताईंनी ती घेतली नाही, दाराशी एक खिळा ठोकून तिथे टांगायला सांगितली, म्हणजे ज्याची पाळी असेल त्याला ती सापडेल.